जस्त आणि बालकांचा हिवताप

कारण शोधावे, ही तथागतांची शिकवण आम्ही आरोग्यालाही लावतो. हिवतापाने आजारी बालकांच्या रक्तात जस्त, म्हणजे झिंक, कमी आढळते; आजार तीव्र असल्यास अधिकच कमी. परंतु ही घट कारण की परिणाम? ज्वरात शरीर रक्तातील जस्त यकृताकडे वळवते. म्हणून केवळ मोजमापाने निर्णय होत नाही. पापुआ न्यू गिनीत नियमित जस्त दिलेल्या बालकांचे हिवतापासाठी दवाखान्यात येणे घटले. बुर्किना फासोत तसे दिसले नाही. यास्तव, अतिसारात जलसंजीवनीसोबत मिळणारी जस्ताची गोळी हिवतापाचे औषध नव्हे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडील पालकांनी ताप येताच बालकाची रक्ततपासणी करवून घ्यावी. एक दिवसही दवडू नये. एरवी आहारात मोड आणलेली नाचणी व मटकी असावी. मोड आल्याने त्यांतील जस्त शरीराला अधिक मिळते.