शाळेचे संगणकीय दप्तर : घडीत घडी घालण्याची सोपी रीत

प्रास्ताविक



पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेविलेले आहेत. हवा तो रुमाल सोडला की हवा तो कागद हाती येतो. आपल्या शाळेच्या संगणकात मात्र पुष्कळदा ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’ अशी बिननावाची गाठोडी साचतात.

काही वर्षांपूर्वी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका शाळेत मी तपासणीस गेलो होतो. धानाची कापणी आटोपून एक कुटुंब कामासाठी परजिल्ह्यात निघाले होते. मुलीचा दाखला व मूल्यमापनाची नोंद संगणकात होती, पण कोठे, हे कोणास सांगता येईना. बाप दुपारपर्यंत ओसरीवर बसून राहिला आणि शेवटी रिकाम्या हाताने गेला. दाखला तात्काळ देणे हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमान्वये मुख्याध्यापकाचे कर्तव्य आहे. तेव्हा दप्तराची मांडणी ही केवळ टापटिपीची बाब नव्हे.

हेतू

वर्षारंभी सर्व इयत्तांचे फोल्डर एका छोट्या आज्ञापत्राने, म्हणजे स्क्रिप्टने, आपोआप तयार करणे.

पूर्वतयारी

प्रथम कागदावर झाड काढावे. खोड म्हणजे शैक्षणिक वर्ष, फांद्या म्हणजे इयत्ता, आणि प्रत्येक फांदीस चार डहाळ्या : उपस्थिती, मूल्यमापन, दाखले, छायाचित्रे. सात इयत्तांची शाळा असल्यास १ + ७ + २८ म्हणजे ३६ फोल्डर होतात. हाताने करू गेल्यास एखादे नाव चुकतेच. यंत्र पुनरावृत्तीस कंटाळत नाही. परंतु मांडणीचा विचार ते करीत नाही, तो आपणच करावयाचा.

कृती

(ही कृती विंडोज ११ च्या संगणकास अनुसरून दिली आहे. तीस इंटरनेट लागत नाही.)

१. एक रिकामा फोल्डर करून नोटपॅड उघडावे.

२. पहिल्या ओळीत लिहावे : सीएचसीपी ६५००१. यामुळे देवनागरी नावे शुद्ध उमटतात.

३. दुसरी ओळ अशी :
फॉर /एल %%आय इन (१,१,७) डू एमडी "२०२५-२६\इयत्ता %%आय\उपस्थिती"

येथे फॉर, एल, आय, इन, डू, एमडी, सीएचसीपी हे शब्द व सर्व अंक इंग्रजी लिपीत टंकावेत. इयत्ता, उपस्थिती ही नावे देवनागरीतच ठेवावीत.

४. हीच ओळ आणखी तीनदा लिहून शेवटचे नाव बदलावे.

५. जतन करताना ‘सर्व फाइली’ हा प्रकार व यूटीएफ-८ ही संकेतपद्धती निवडावी. नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘बॅट’ ही तीन इंग्रजी अक्षरे लिहावीत. मग त्या फाइलीवर दोनदा टिचकी द्यावी.

विवेचन

कंसातील तीन अंकांचा अर्थ : एकापासून आरंभ, एकेकाने वाढ, सातास समाप्ती. ‘%%आय’ च्या जागी दर फेरीस पुढील अंक येतो. ‘एमडी’ ही फोल्डर करण्याची आज्ञा होय. वरचे फोल्डर नसल्यास ती तेही करते. म्हणून घडीत घडी एकाच ओळीत बसते. लिनक्स संगणकावर हेच काम ‘एमकेडीआयआर’ या आज्ञेस ‘-पी’ जोडल्याने होते.

दक्षता

अवतरणचिन्हे गळल्यास ‘इयत्ता’ पुढील मोकळ्या जागेशी नाव तुटते व भलतेच फोल्डर होतात. वर्ष लिहिताना तिरपी रेघ नको, आडवी रेघ द्यावी. टक्क्याची चिन्हे दोनच हवीत. फाइल चुकून पुन्हा चालविली तरी आतील कागद नष्ट होत नाहीत. फोल्डर आधीच असल्याची सूचना तेवढी दिसते. मुलांची छायाचित्रे व दाखले हे खाजगी समजून संगणकास परवलीचा शब्द ठेवावा, आणि एक प्रत वेगळ्या साधनावर काढावी.

स्वाध्याय

१. कंसात (१,१,२) लिहून प्रथम दोनच इयत्तांवर प्रयोग करा.
२. आपली शाळा पाचवीपर्यंत असल्यास एकूण किती फोल्डर होतील?
३. गतवर्षीच्या कोणत्याही एका मुलाचा दाखला शोधा व किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. नवी मांडणी झाल्यावर पुन्हा शोधा.

तिसरा स्वाध्याय मात्र कोणी टाळू नये. ओसरीवर बसलेल्या बापाची वेळ त्यातच मोजली जाते.