म्हादेई : पृथ्वीप्रदक्षिणेची नौका

मुलांनो, दिवाळीच्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोडणीसाठी निघालेल्या बैलगाड्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. गाडीत अवघा संसार असतो : पीठमीठ, भांडीकुंडी, घोंगड्या, कोयते, दोरखंड, पाण्याची घागर. तरीही एखादी वस्तू घरी राहिली, तर फारसे बिघडत नाही. पुढच्या गावी ती मागून किंवा विकत घेता येते. परंतु ज्या वाटेवर पुढचे गावच नाही, तेथे काय करावे? महासागराची वाट अशी असते. त्या वाटेने जाणाऱ्या शिडाच्या नौकेची रचना कशी असते आणि तिच्यात कोणती साधने लागतात, ते आपण पाहू.

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. तेथील गोदीत रत्नाकर दांडेकर यांनी भारतीय नौदलासाठी एक नौका बांधली. मांडवीचेच दुसरे नाव म्हादेई. तेच नाव नौकेस देण्यात आले. २००९ साली ती नौदलाच्या सेवेत दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे या नौकेतून मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून, एकट्याने आणि कोठेही न थांबता, ही प्रदक्षिणा पूर्ण केली.

प्रदक्षिणेचा मार्ग दक्षिण गोलार्धातून जातो. ४० अंश दक्षिण अक्षवृत्ताच्या खाली वाऱ्यांना अडविणारी जमीन फारच थोडी आहे. त्यामुळे पश्चिमेकडून येणारे वारे तेथे जोराने वाहतात. त्यांना 'गरजणारे चाळीस' असे म्हणतात. नौकेला वेग मिळतो तो याच वाऱ्यांमुळे आणि तिच्यावर संकट येते तेही यांच्यामुळेच.

म्हादेईची लांबी ५६ फूट आहे. तिचा देह लाकडी पट्ट्यांचा असून त्यांवर फायबर ग्लासचे थर चढविलेले आहेत. त्यामुळे ती हलकी असूनही बळकट झाली आहे. अशा नौकेच्या तळाखाली जड धातूचा कणा असतो. त्याला कील म्हणतात. बुडाशी वजन असलेली बाहुली आडवी पाडली, तरी ती पुन्हा उठून उभी राहते. लाटेने नौका कलंडली, तर कीलच्या वजनाने तीही तशीच सावरते. वारा बाजूने लागला असता नौकेला आडवे घसरू न देणे, हेही कीलचेच काम.

नौकेच्या मध्यभागी उंच डोलकाठी असते. म्हादेईची डोलकाठी सुमारे २५ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ मजली इमारतीएवढी उंच आहे. डोलकाठीमागे मोठे शीड असते आणि पुढे नाळेकडे निराळी शिडे लावतात. मंद वाऱ्यात पातळ कापडाचे विस्तीर्ण शीड उभारतात. वादळात जाड कापडाचे इवलेसे शीड पुरते. वारा वाढू लागला, की मोठे शीड थोडेथोडे आखडून घ्यावे लागते. त्यात हयगय झाली, तर शीड फाटते किंवा डोलकाठीच मोडते. नौका वाऱ्याच्या अगदी समोर जाऊ शकत नाही. म्हणून, घाटातील रस्ता नागमोडी वळणे घेत वर चढतो, तशी ती एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे तिरपी जात पुढे सरकते.

एकट्या खलाशाला झोपही घ्यावी लागते. त्या वेळी सुकाणू सांभाळण्यासाठी स्वयंचलित यंत्र असते. विजेसाठी सौर तावदाने, समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र, स्थान दाखविणारी जी.पी.एस. यंत्रणा, दूरची जहाजे टिपणारे रडार, उपग्रहाद्वारे बोलण्याचा दूरध्वनी अशी साधनेही आधुनिक नौकेत असतात. परंतु दूरवर जाणारा जाणता खलाशी एकाच साधनावर विसंबत नाही. विजेच्या पंपाशेजारी तो हातपंप ठेवतो, जी.पी.एस. असली, तरी सूर्यताऱ्यांची उंची मोजून स्थान काढण्याचे सेक्स्टंट हे उपकरण जवळ बाळगतो. यंत्र कधीतरी बंद पडणारच, असे धरून तो तयारी करतो.

ही तयारी किती मोलाची असते, हे एका मुंबईकर नौकेच्या कथेवरून कळते. १९६८ साली इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटेच प्रदक्षिणेस निघाले. त्यांची 'सुहैली' ही अवघ्या ३२ फुटांची सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. वाटेत तिच्या तळातून पाणी आत येऊ लागले. त्यांनी समुद्रात बुडी मारून फटी बुजविल्या. टाकीतील पाणी दूषित झाले. त्यांनी पावसाचे पाणी धरून साठविले. रेडिओ बंद पडला. कित्येक महिने जगाला त्यांची वार्ता नव्हती. दिशा राखणारे यंत्र मोडले; तेव्हा त्यांनी शिडांचा तोल असा साधला, की नौका आपली दिशा आपणच राखू लागली. २२ एप्रिल १९६९ रोजी ते फाल्मथला परतले. स्पर्धेत उतरलेल्या नऊ जणांपैकी प्रदक्षिणा पूर्ण करणारे ते एकटेच. आपल्या प्रवासाआधी दिलीप दोंदे यांनी या विद्येचे धडे त्यांच्याजवळच घेतले होते.

कितीही तयारी केली, तरी समुद्र कधीकधी वरचढ ठरतो. २०१८ साली अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'तुरिया' या नौकेतून पुन्हा एका स्पर्धेत उतरले. २१ सप्टेंबरला वादळात नौका उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. त्या वेळी ऑस्ट्रेलियाचा किनारा सुमारे ३,५०० किलोमीटर दूर होता. भारताची दक्षिणोत्तर लांबीही याहून कमी आहे! त्यांना उभेही राहता येत नव्हते. परंतु उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे लहानसे साधन हाताशी होते. त्या संदेशांवरून त्यांचा ठावठिकाणा कळला आणि तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. पुढे २०२२-२३ मध्ये ते त्याच स्पर्धेत पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

म्हादेईमागून तिच्याच धर्तीची 'तारिणी' ही नौका दिवाडीच्या गोदीत तयार झाली. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तिच्यातून प्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. तेव्हा मॉरिशसच्या बंदरात थांबून त्यांनी दुरुस्ती करून घेतली आणि मगच गोव्याची वाट धरली. साधने नौकेचे बळ वाढवितात. पण ती निकामी झाल्यावर न डगमगणारे मन आणि काम जाणणारे हात, हीच खलाशाची अखेरची शिदोरी होय.

शब्दार्थ
नाळ : नौकेचा पुढील भाग. डोलकाठी : शीड उभारण्याचा खांब. आखडणे : आवरून लहान करणे. हयगय : हेळसांड. वार्ता : बातमी. शिदोरी : प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न.

स्वाध्याय
१. ऊसतोडणीची बैलगाडी आणि महासागरातील नौका यांच्या तयारीत कोणता फरक आहे?
२. कीलची दोन कामे सांगा.
३. कारणे द्या : (अ) वारा वाढू लागताच शीड आखडतात. (आ) जी.पी.एस. असूनही खलाशी सेक्स्टंट जवळ ठेवतो.
४. 'सुहैली'वर कोणती संकटे आली व ती कशी निवारली गेली, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : विसंबणे, वरचढ ठरणे, न डगमगणे.
६. पृथ्वीच्या गोलावर मुंबईहून निघून पूर्वेकडे जात प्रदक्षिणेचा मार्ग बोटाने रेखा. वाटेत लागणाऱ्या महासागरांची नावे लिहा.