प्लास्टर हाताला आहे, पायांना नाही

पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर किंवा ओल्या फरशीवर पाय घसरला की माणूस आपसूक हात पुढे करतो, अंगाचा सगळा भार तळहातावर येतो आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलेस यांनी 1814 मध्ये या फ्रॅक्चरचे वर्णन केले, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला अजून 81 वर्षे अवकाश होता. आज काही मिनिटांत निदान होते, हाड जागेवर बसवून प्लास्टर घालतात, गरज पडली तर प्लेट टाकतात आणि बहुतेकांचे हाड सहा आठवड्यांच्या आसपास जुळते. उपचाराचा एवढा भाग सहसा नीट पार पडतो. गडबड होते ती घरी आल्यावर. ‘आता काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं’ असे घरातले, शेजारचे, भेटायला येणारे सगळेच बजावतात. रुग्णालाही ते पटते आणि एका हाडासाठी सांगितलेली विश्रांती अख्ख्या शरीराला लागू होते. माझे म्हणणे असे, की विश्रांती हेही एक औषध आहे आणि ते फक्त मोडलेल्या जागेसाठी लिहून दिलेले असते. सगळ्या शरीराला ते दिले तर सहा आठवड्यांनी हाड जुळलेले असते, पण माणूस आधीपेक्षा दुबळा झालेला असतो. पन्नाशी उलटलेल्यांच्या बाबतीत तर हाच दुबळेपणा पुढच्या पडण्याला निमंत्रण देतो.

‘सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे, तेवढ्यात काय बिघडतं?’ असे वाटणे साहजिक आहे. बरेच बिघडते, आणि ते मोजलेले आहे. अमेरिकेत डॅलस येथे 1966 मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपण ज्याला दमसास म्हणतो तो, सुमारे पाव हिश्शाने घटली. याच पाच जणांची 30 वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तीन दशके वय वाढून त्यांचा दमसास जेवढा कमी झाला होता, त्यापेक्षा जास्त घट त्या तीन आठवड्यांत झाली होती. आता हात मोडलेला माणूस काही चोवीस तास झोपून नसतो, हा आक्षेप रास्त आहे. त्याच्याशी जास्त जुळणारा प्रयोग कोपनहेगनमधला, 2010 साली प्रसिद्ध झालेला आहे. दहा तरुणांना झोपवून ठेवले नाही, फक्त त्यांची रोजची सुमारे दहा हजार पावले दीड हजाराच्या खाली आणली. दोनच आठवड्यांत त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद 17 टक्क्यांनी आणि दमसास 7 टक्क्यांनी घटला. सकाळचे फिरणे बंद, भाजी आणायला दुसरे कोणी जाणार, दिवस सोफ्यावर टीव्हीसमोर, हे आपल्याकडच्या प्लास्टरवाल्या रुग्णाचे वेळापत्रक त्या प्रयोगापेक्षा फारसे वेगळे नसते. ते तरुण धडधाकट होते. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांची साखर याच काळात वाढताना दिसली तर नवल नाही. आणि वाढलेली साखर हाड जुळण्याच्याही आड येते.

दुसरा आक्षेप जास्त खोलवर रुजलेला आहे. हाड जुळायला शरीराची ताकद लागते, ती चालण्यात कशाला खर्च करायची? याचे उत्तर हाड जुळते कसे यातच आहे. मोडलेल्या टोकांभोवती आधी रक्ताची गाठ बनते. दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी मऊ, कुर्चेसारखा सांधा तयार होतो, पुढच्या आठवड्यांत त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो आणि त्याला मूळ आकार देण्याचे काम पुढे कित्येक महिने चालू राहते. या सगळ्याला तीन गोष्टी लागतात: मोडलेली टोके एकमेकांवर हलू नयेत, तिथवर रक्त पोहोचावे आणि त्या रक्तात पोषण असावे. पहिले काम प्लास्टर करते. समतल जागी चालल्याने नीट बसवलेले मनगट प्लास्टरच्या आत सरकत नाही. रक्तपुरवठा चालण्याने कमी होत नाही. तो कमी होतो निकोटीनने, कारण त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धूम्रपान करणाऱ्यांची हाडे उशिरा जुळतात हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तंबाखूची चिमूट आणि मशेरी यांतले निकोटीनही शेवटी रक्तातच जाते. तेव्हा घरच्यांना काही बंद करायचेच असेल तर फिरण्याआधी मशेरीचा डबा बंद करावा.

पोषणाच्या बाबतीतही आपला भर चुकीच्या जागी पडतो. पायाचे सूप आणि डिंकाचे लाडू ही हाड मोडल्यावरची ठरलेली भेट. सूप गरम आणि चविष्ट लागते, पण हाडे उकळून त्यातले कॅल्शियम फारसे पाण्यात उतरत नाही. डिंकाच्या लाडवांत तूप-गुळाचे उष्मांक भरपूर असतात, आणि हालचाल बंद केलेल्या माणसाच्या पोटावर तेच बसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि दोन मध्यम भाकऱ्यांना साधारण तेवढे पीठ लागते. त्यांच्या जोडीला दूध, दही, तीळ आले की कॅल्शियमची बरीचशी बेगमी होते. खरी तूट असते ती प्रथिनांची आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची. पोहे, भात, पोळी आणि वाटीच्या तळाशी चार दाणे असलेली आमटी, अशा जेवणात प्रथिने अपुरी पडतात. दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, शिवाय अंडी, मासे किंवा पनीर यांपैकी काही असावे. ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, ठरलेल्या मात्रेत घ्यावी.

आता व्यायाम. पहिले दोन-तीन दिवस दुखणे आणि सूज जास्त असते. तेव्हा हात उशांवर, हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवून आराम करावा, त्याबद्दल वाद नाही. पण बोटांना त्या दिवसांतही सुटी नाही. दर तासाला दहा वेळा मूठ पूर्ण वळायची आणि बोटे पूर्ण ताणायची. पूर्ण म्हणजे किती, तर बोटांची टोके तळहाताला टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर प्लास्टरची कड पाहा. बोटांच्या मुळाशी तळहातावर जी आडवी घडी असते, तिच्या अलीकडे प्लास्टर संपायला हवे. ते त्या घडीवर चढले असेल तर बोटे मुळातून वाकणारच नाहीत, आणि सहा आठवड्यांनी हाड बरे पण मूठ मिटत नाही अशी अवस्था होते. कड कापून घ्यायला पाच मिनिटे लागतात, आखडलेली बोटे मोकळी करायला काही महिने जातात. खांद्याचेही तेच. झोळीत दिवसभर लटकलेला हात खांदा आखडवून ठेवतो, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा झोळी काढून, चांगल्या हाताचा आधार देत प्लास्टरचा हात डोक्यावर न्यावा. कोपर प्लास्टरबाहेर असेल तर तेही वाकवून सरळ करावे. हे सगळे मनगटाच्या फ्रॅक्चरपुरते आहे. मोड दंडाला, कोपराला किंवा खांद्याला असेल तर कोणता सांधा कधी हलवायचा हे तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनाच विचारा.

चांगल्या हाताने व्यायाम केला तर शरीर एका बाजूला जड होईल, अशी शंका व्यायामशाळेत जाणारे तरुण हमखास काढतात. उलट, चांगल्या हाताचा व्यायाम मोडलेल्या हाताच्या उपयोगी पडतो. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी 1894 मध्येच दाखवले होते की एका हाताला सराव दिला की सराव न दिलेल्या हाताचीही शक्ती वाढते. स्नायूला आज्ञा देणारी मेंदूची यंत्रणा दोन्ही बाजूंना बरीचशी जोडलेली असल्याने असे होते. कॅनडात मनगट मोडलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांवर याची कसोटी घेतली गेली. एका गटाला नेहमीचे उपचार दिले, दुसऱ्याला त्यासोबत चांगल्या हाताच्या पकडीचा व्यायाम. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाराव्या आठवड्यात दुसऱ्या गटातील स्त्रियांच्या मोडलेल्या हाताची पकड आणि मनगटाची हालचाल सरस होती. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत हा फरक उरला नाही, हेही सांगायला हवे. म्हणजे शेवटी कोण कुठे पोहोचते ते यातून बदलत नसेल, पण कणीक मळणे, बादली उचलणे, शर्टाची बटणे लावणे ही कामे काही आठवडे लवकर जमू लागणे ही लहान गोष्ट नाही. त्यासाठी एक रबरी चेंडू आणि पाण्याची लिटरभर बाटली पुरे. डाव्या-उजव्यात जो थोडा फरक पडेल, तो प्लास्टर निघाल्यावर भरून येतो.

माझ्या मते या सहा आठवड्यांतला सर्वांत मोलाचा व्यायाम मात्र हाताचा नाहीच, तो पायांचा आहे. उभ्या उंचीवरून साधे पडून ज्यांचे मनगट मोडते, त्यांच्यात, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, हाडे ठिसूळ असण्याची शक्यता बरीच असते. एकदा असे हाड मोडले की पुढे आणखी एखादे हाड मोडण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट होतो. त्यात सर्वांत वाईट ते खुब्याचे. माणूस पडतो की सावरतो हे बरेचसे मांड्यांच्या ताकदीवर आणि तोलावर ठरते, आणि नेमके तेच स्नायू सोफ्यावर झिजतात. म्हणून दुखणे आवाक्यात आले की खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम सुरू करावा. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, प्लास्टरचा हात छातीशी धरायचा, चांगल्या हाताने कशालाही न धरता उठायचे आणि धपकन न बसता सावकाश टेकायचे. दहादा करून थोडे थांबायचे आणि पुन्हा दहा वेळा. मग ओट्याला एका हाताने धरून टाचा उचलणे आणि एका पायावर उभे राहणे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाचे चालणे त्यात धरता येते आणि त्याला दोन्ही हात लागत नाहीत.

‘चालताना पुन्हा पडले तर?’ हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. हात झोळीत असला की तोल बदलतो आणि पडताना सावरायला एकच हात उरतो, हे खरेच आहे. पण त्यावरचा उपाय जागा बदलणे हा आहे, चालणे सोडणे हा नाही. पावसात बाहेर न जाता इमारतीच्या व्हरांड्यात किंवा घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात, सपाता सोडून मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत, वेदनाशामक गोळीने गुंगी येत असेल तर ती उतरल्यावरच चालावे. वयस्कर माणसाबरोबर कोणीतरी असावे. दुचाकी चालवणे, गर्दीच्या लोकलमध्ये चढणे, पळणे, पोहणे आणि ज्यांत हातावर भार येतो ती भुजंगासनासारखी आसने किंवा सूर्यनमस्कार डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद. प्लास्टरमध्ये खाज सुटली तरी आत विणायची सुई किंवा पट्टी घालू नये, तिने त्वचा सोलवटून जंतुसंसर्ग होतो. प्लास्टर निघाल्यावर जोरात मालिश करून घेऊ नये. कोपराच्या दुखापतीत तर अशा मालिशीने स्नायूत हाड धरून सांधा कायमचा आखडू शकतो. आणि दुखणे कमी होण्याऐवजी वाढत चालले, बोटे निळी-पांढरी, गार किंवा बधिर पडली, बोटे सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. घट्ट झालेल्या प्लास्टरखाली रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत हाताचे कायमचे नुकसान होते.

प्लास्टर काढण्याच्या दिवशी बहुतेक जण ‘हाड जुळलं का?’ एवढेच विचारून घरी येतात. पन्नाशीपुढच्या वाचकांनी त्याला दोन प्रश्न जोडावेत. माझ्या हाडांची घनता तपासायला हवी का, आणि पडण्याला कारण ठरलेले काही, म्हणजे दृष्टी, रक्तदाबाची गोळी, गुडघा किंवा तोल, दुरुस्त करण्यासारखे आहे का? उत्तरे येतील तेव्हा येतील. खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम मात्र प्लास्टर निघाल्यावरही चालूच ठेवावा.