दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर बँकेचे साधे खाते

कर्ज फेडता न येणे हा इंग्लंडमध्ये दीर्घकाळ तुरुंगवासास पुरेसा अपराध मानला जात असे. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या वडिलांना १८२४ साली लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले ते देणे थकल्यामुळेच. १८६९ च्या ऋणको अधिनियमाने ही प्रथा बव्हंशी संपुष्टात आणली. इंग्लंड व वेल्समध्ये आज लागू असलेल्या १९८६ च्या नादारी अधिनियमाची दृष्टी निराळी आहे. ऋणकोची मालमत्ता धनकोंमध्ये न्याय्य रीतीने वाटावी आणि सामान्यतः बारा महिन्यांनी त्याला ऋणमुक्त करून नव्याने उभे राहू द्यावे, असा या कायद्याचा हेतू आहे.

परंतु या बारा महिन्यांतही माणसाला जेवावे लागते, घरभाडे भरावे लागते, विजेचे देयक चुकते करावे लागते. पगार किंवा सरकारी साहाय्य बहुधा बँकेच्या खात्यातच जमा होते. म्हणून दिवाळखोरीचा अर्ज करण्यापूर्वी ज्या गोष्टींचा विचार करावयास हवा, त्यांत बँकेचे खाते ही अगदी आरंभीची गोष्ट होय.

दिवाळखोरीचा आदेश झाला की ऋणकोची मालमत्ता प्रथम सरकारी रिसीव्हरच्या ताब्यात जाते. आदेशाची सूचना ‘लंडन गॅझेट’मध्ये प्रसिद्ध होते आणि बँकांनाही ती कळते. त्यानंतर चालू खाती गोठविली जातात. त्यांतील शिल्लक धनकोंच्या वाट्याची ठरते. दैनंदिन गरजांपुरती काही रक्कम सोडावी अशी विनंती रिसीव्हरला करता येते. मात्र निर्णय होईपर्यंत हाती काहीच नसते. पुष्कळदा बँक ते खाते कायमचे बंदही करते. पतीपत्नींचे संयुक्त खाते असल्यास ज्याच्यावर एका पैचेही कर्ज नाही, अशा जोडीदाराचा पैसाही त्यात अडकून पडतो.

आदेशापूर्वीचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. ग्राहकाची ठेव आणि त्याच ग्राहकाकडील येणे यांची परस्पर वजावट करण्याचा हक्क बँकेस असतो. समजा, गोदामात काम करणाऱ्या एका माणसाचा १,४०० पौंड पगार ज्या बँकेत जमा होतो, त्याच बँकेचे ६,००० पौंड त्याच्याकडे थकले आहेत. अशा वेळी बँक त्याच्या जमेतून आपले येणे वळते करून घेऊ शकते. खाते आधीच उणे असेल तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही; पगार त्या उणे रकमेतच जिरून जातो. निर्वाहापुरती रक्कम ग्राहकाकडे राहू द्यावी, असा संकेत बँकांना पाळावयाचा असतो हे खरे. तथापि महिनाअखेरीचे भाडे त्या भरवशावर सोडून देणे शहाणपणाचे नव्हे.

या दोन्ही अडचणींवरील उपाय म्हणजे साधे खाते. या खात्यात पगार जमा होतो, कार्डाने पैसे काढता येतात व खरेदी करता येते, भाडे किंवा वीजबिल ठरल्या तारखेस परस्पर भरले जाण्याची व्यवस्थाही करता येते. ओव्हरड्राफ्ट मात्र मिळत नाही. ही उणीव वाटली तरी दिवाळखोरीतील माणसाला ती हिताची आहे, कारण नवे कर्ज चढण्याची वाटच तेथे बंद असते.

असे खाते मिळविणे पूर्वी सोपे नव्हते. दिवाळखोरीच्या काळात ऋणकोच्या हाती नव्याने आलेल्या मालमत्तेवर विश्वस्त हक्क सांगू शकतो. अशी रक्कम आपण ऋणकोला देऊन टाकली तर विश्वस्त आपल्यालाच जबाबदार धरील, अशी धास्ती बँकांना वाटे. त्यामुळे बहुतेक बँका अशा ग्राहकांना दारातूनच परत पाठवीत. २०१५ साली झालेल्या कायद्यातील दुरुस्तीने ही धास्ती पुष्कळशी दूर केली. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये नऊ मोठ्या संस्थांनी सरकारशी करार करून विनाशुल्क साधी खाती देण्याचे मान्य केले होते. पुढे २०१५ च्या नियमांनी नेमलेल्या बँकांवर ही गोष्ट कायद्यानेच बंधनकारक केली व सप्टेंबर २०१६ पासून ही तरतूद अमलात आली. ज्या युरोपीय निदेशावर हे नियम आधारलेले होते, त्यात वैयक्तिक दिवाळखोरीमुळे कोणी खात्यास मुकू नये असे स्पष्ट म्हटले होते. अर्ज नाकारावयाचा झाल्यास बँकेने सामान्यतः त्याची कारणे लेखी कळवावयाची असतात.

निवड करताना पहिला प्रश्न असा विचारावा की, या बँकेचे आपल्याकडे काही येणे आहे काय? कर्ज, क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट यांपैकी काहीही असेल तर ती बँक टाळावी. निरनिराळ्या नावांच्या बँका पुष्कळदा एकाच समूहाच्या असतात. तेव्हा नावावर न जाता मालकीही पाहून घ्यावी. दुसरा प्रश्न शुल्काचा. खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे एखादी भरणा परत गेला तर दंड पडतो काय, हे विचारून घ्यावे. दरमहा शुल्क घेणारी खातीही बाजारात असतात. विनाशुल्क खाते मिळत असता त्यांच्या वाटेस जाण्याचे कारण नाही. तिसरा प्रश्न दिवाळखोर ग्राहकासंबंधी बँकेचे धोरण काय, हा होय. तो अर्ज करण्यापूर्वीच विचारलेला बरा.

वेळेचेही महत्त्व आहे. खाते आदेशापूर्वी उघडावे, मालकास नवा क्रमांक कळवावा, एक पगार तेथे जमा झाल्याची खात्री करून घ्यावी आणि मगच भाडे व इतर नेमाचे भरणे तिकडे वळवावेत. जुन्या खात्यावरील एखादा आदेश विसरला गेला तर नेमके भाडेच थकावयाचे.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. साधे खाते हे पैसा लपविण्याचे ठिकाण नव्हे. नवे खातेही रिसीव्हरला कळवावेच लागते आणि आदेशाच्या दिवशी त्यात असलेली शिल्लकही मालमत्तेतच गणली जाते. एखाद्या नातलगाच्या नावे रक्कम वळविणे किंवा एका धनकोला इतरांच्या आधी गुपचूप फेडणे, हे व्यवहार पुढे तपासले जातात व उलटविलेही जातात. याउलट आदेशानंतर कमावलेल्या पगारातून कुटुंबाच्या रास्त गरजा भागविण्यास कायद्याची आडकाठी नाही. त्याहून काही उरत असेल, तरच त्यातील हिस्सा हप्त्यांनी, अधिकात अधिक तीन वर्षे, मागितला जातो.

मार्शलसीच्या काळी ऋणकोला कोंडून ठेवीत आणि मग त्याने कर्ज फेडावे अशी अपेक्षा करीत. त्यातील विसंगती आज कोणालाही दिसेल. परंतु ज्याचा पगार घेण्यास एकही बँक तयार नाही, त्याची स्थिती तरी कितीशी वेगळी असते? म्हणूनच साध्या खात्याचा हक्क दिसावयास लहान असला, तरी नव्याने उभे राहण्याची जी संधी कायदा देऊ करतो, ती प्रत्यक्षात हाती येते ती याच खात्याच्या आधारे.