पीडित मातेचा विश्वास

ज्या घरांत नवरा बायकोला मारतो, त्या घराची गोष्ट गांवाला बहुधा ठाऊक असते. बोलत नाहीं ती एकटी तीच. साहाय्यास आलेल्या समाजसेविकेलाही ती म्हणते, "पाय घसरून पडलें, बाई." ह्यावरून तिला सुटका नकोच आहे असें अनुमान पुष्कळजण काढतात. तें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. आपल्या शब्दाची किंमत लेंकरांस द्यावी लागेल कीं काय, हें ती आई मनांत मोजीत असते. घराबाहेर काढलें तर निजावें कोठें? मुलें सासरच्यांनीं ठेवून घेतलीं तर? आणि ही बाई येथून उठून कोणाच्या ओसरीवर जाऊन बसेल?

ही शेवटची शंका खेड्यांत फार खरी आहे. अंगणवाडीची सेविका घरीं आली तर कोणी संशय घेत नाहीं, हा मोठा लाभ. परंतु ती त्याच गांवची, कदाचित् नवऱ्याच्याच भावकीची असते.

मुंबईंत १९८४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेनें पोलिसांच्या सहकार्यानें स्त्रिया व मुलें ह्यांच्यासाठीं विशेष कक्ष सुरू केला; पुढें तो महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतही गेला. जागा पोलिसांची, पण आंत बसणारी बाई पोलीस नव्हे, समाजकार्य शिकलेली. त्यामुळें येणारीला पोलिसांचा आधार मिळतो, आणि तरी तिचें पहिलें बोलणें ऐकून घेणारीशीं होतें.

आतां मुख्य मुद्दा. "मी कोणालाही कांहीं सांगणार नाहीं," असें वचन समाजसेविकेनें देऊं नये. कित्येकांस ह्याचें नवल वाटेल. परंतु १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळलें, तर तें पोलिसांस कळविणें पोक्सो नांवाच्या २०१२ च्या कायद्यानें प्रत्येकास भाग आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचें तसें नाहीं. त्यांत कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास खबर देऊं शकतो, पण द्यावीच अशी सक्ती नाहीं. हा भेद मातेनें तोंड उघडण्यापूर्वींच तिला सांगावा. मागाहून तिला तो पोलिसाकडून कळला, तर ती पुन्हां कोणाशींही बोलणार नाहीं.

त्याच २००५ च्या कायद्यांत तिच्या पहिल्या दोन भयांस उत्तर आहे. घर तिच्या नांवावर नसलें तरी तेथें राहण्याचा तिला हक्क आहे, आणि मुलांचा तात्पुरता ताबा माजिस्ट्रेट तिला देऊं शकतो. मात्र "मिळेल" म्हणूं नये, "मागतां येईल" म्हणावें.

गांवचे वडीलधारे, कधीं आमचे उपदेशक बंधूही, नवराबायकोस समोरासमोर बसवून "आतां सांग, काय झालें तें" असें म्हणतात. त्या रात्रीं तिला त्याच माणसाबरोबर घरीं जावयाचें असतें! अशा बैठकींत ती "कांहीं नाहीं" म्हणाली, तर तो समेट समजूं नये. तिला एकटीलाच भेटावें, आणि ती सासरीं परत गेली तरी रागावूं नये.

साहाय्याचे दूरध्वनि क्रमांक, स्त्रियांसाठीं १८१ आणि तातडीसाठीं ११२, कागदावर लिहून देण्याचा आग्रह धरूं नये. कागद नवऱ्याच्या हातीं पडतो. ते तिच्याकडून तोंडपाठ म्हणवून घ्यावे.