आधी टाकीचं झाकण उघड

काल रात्री फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, रडू आवरून बोलतेयस. कुंभार्ली घाटात, तिन्हीसांजेला, भुरभुरत्या पावसात गाडी बंद पडली आणि तू एकटी कठड्यापाशी उभी. सुखरूप पोचलीस, बाकी सगळं त्यानंतर. आता चहा घे, शांत बस आणि ऐक. गॅरेजवाला ‘कार्बोरेटरच बदलू’ म्हणाला ना? अजून पर्स उघडू नकोस.

तू तीन तक्रारी सांगितल्यास. घाट चढताना गाडी गचके खाऊन बंद पडते आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते. सकाळी चोकशिवाय चालू होत नाही, चोक सोडला की लगेच बंद. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, ‘कधी कधी रेस सोडली तरी तशीच राहते.’ अगं छकुले, ही सगळ्यात आधी सांगायची गोष्ट! पहिल्या दोन तक्रारींत गाडी थांबते. या तिसरीत ती थांबतच नाही, आणि पुढ्यात घाटाचं वळण असतं.

म्हणून ॲक्सिलेटरची केबल बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही, एवढं माझं ऐक. आणि रस्त्यात कधी रेस अडकलीच तर डोक्यात हे पक्कं ठेव: आधी क्लच पूर्ण दाब, मग ब्रेक, आणि गाडी सरळ असताना चावी फक्त ‘बंद’पर्यंत फिरव, काढू नकोस. क्लच दाबला की इंजिन कितीही ओरडू दे, चाकाला जोर मिळत नाही.

आता दोष कुठे आहे ते बघ. इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर. मूठ पूर्ण पिळ आणि सोड. ती स्वतःहून झटक्यात मागे आली पाहिजे, ढकलावी लागता कामा नये. हँडल सरळ ठेवून बघ, मग पार डावीकडे वळवून, मग पार उजवीकडे. नुसतं एका बाजूला अडकत असेल तर केबल कुठेतरी वायरिंगमध्ये नाहीतर टाकीखाली दबली आहे. मग इंजिन चालू कर आणि न्यूट्रलमध्ये हँडल दोन्हीकडे फिरव. मुठीला हात न लावता रेस वाढली, तर केबल ताणली जातेय. मूठ पिळताना सुरुवातीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी फिरली पाहिजे, तेवढी ढील हवीच.

जुन्या मालकाने मुठीवर ते जाड फोमचं कव्हर चढवलंय, ते आधी काढून टाक. मूठ आत सरकून स्विचच्या डबीला घासत असते, आणि आपण उगाच केबलला दोष देत बसतो. कव्हर काढूनही अडकत असेल तर डबी उघडून केबलचं टोक बघ. तारेचा एक जरी पदर तुटून केसासारखा बाहेर आला असेल तर ती केबल गेली. तेल सोडून चालवू नकोस, नवीच घाल.

आता घाटाचं. परवा तू गाडीचा फोटो पाठवलास ना, तो मी आज मोठा करून बघितला. टाकीच्या झाकणावर पावसासाठी प्लास्टिकची पिशवी, वरून रबरबँड. मला वाटतं, तुझं अर्धं दुखणं त्या पिशवीत आहे. तेलाच्या डब्याला आई दोन भोकं पाडायची, आठवतं? एकच पाडलं तर तेल गळगळ करत अडतं, दुसरं पाडलं की धार सुटते. टाकीचंही तसंच आहे. पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक वाट असते, आणि ती तू बांधून टाकलीस. सपाट रस्त्यावर पेट्रोल कमी लागतं, भागून जातं. घाटात मूठ जास्त उघडी, कार्बोरेटरची वाटी भराभर रिकामी होते आणि वरून पेट्रोल येत नाही. दहा मिनिटांत थोडी हवा शिरते, वाटी भरते, गाडी पुन्हा सुरू.

पिशवी सोड, आणि केबल बदलल्यावर चालवून बघ. तरीही बंद पडली तर त्याच क्षणी झाकण उघड आणि कान दे. ‘सुस्स’ असा आवाज येऊन हवा आत गेली, तर झाकणातली वाट मातीने बुजलीय, ती साफ करायची. आवाज नाही आला, तर कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोड आणि पेट्रोल कॉक उघड. धार सलग हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी गंजाने भरलीय. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून गंजते, म्हणून गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेव. आणि नळी काढायचं काम अंगणात, इंजिन थंड असताना. जवळपास उदबत्तीसुद्धा नको.

राहिला चोक. तुझी गाडी २००९ची, ९७.२ सीसीची साधी स्प्लेंडर. इंजेक्शन या गाड्यांत २०२०ला आलं. तुझ्या गाडीत कार्बोरेटर आहे आणि मला त्याचा आनंद आहे, कारण तो उघडला की सगळं डोळ्यांना दिसतं. चोक ओढला की हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. म्हणजे चोकवर गाडी बरी चालते तेव्हा एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर इंजिनाजवळच्या जोडातून फुकटची हवा शिरतेय.

नक्की कुठे, ते शोधायला नेलपॉलिश घे. एक ठिपका स्विचच्या डबीवर, आणि मुठीवर चार: बंद, पाव, अर्धी, पाऊण. मग चालवताना गाडी कुठल्या ठिपक्यावर अडते ते लक्षात ठेव. बंद ते पावपर्यंत त्रास असेल तर स्लो जेट, मधल्या टप्प्यात निडल, पाऊणच्या पुढे मेन जेट. टप्पे काटेकोर नसतात, पण मेस्त्रीला सांगायला एवढं पुरतं. तुझी गाडी रेस दिल्यावर नीट पळते आणि चोक सोडल्यावर मरते, म्हणजे स्लो जेट. तू घेण्याआधी ती चार-पाच महिने उभी होती. वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळट चिकट थर राहतो. स्लो जेटचं भोक सगळ्यात बारीक, म्हणून आधी तेच बुजतं.

साफ करताना तिथे उभी राहा. माझ्या गाडीचा जेट एका गॅरेजमध्ये तारेने खरवडला होता. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं. त्यानंतर ॲव्हरेज घसरलं, प्लग काजळीने काळा पडायचा, पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड जास्त दिसायचा. कारण कळायला मला वर्ष लागलं. जेट क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या झोताने फुंकायचा, तार घालायची नाही. हे आधीच सांग, संकोच करू नकोस.

वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घे आणि उजेडात धर. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पाणी आहे. २०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि प्रमाणाबाहेर झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. तुझ्या गाडीचे रबर या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. नळी फुगलीय का, चिरा गेल्यात का, तेही बघून घे. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकताना दिसलं तर कॉक लगेच बंद कर आणि ऑईलची दांडी काढून वास घे. पेट्रोलचा वास आला तर ऑईल बदलल्याशिवाय किक मारू नकोस.

मी रविवारी पहिल्या एसटीने चिपळूणला येते. पाना, पक्कड, क्लीनर माझ्याकडे आहेत. तू ॲक्सिलेटर केबल आजच सांगून ठेव, दुकानात गाडीचं वर्ष नक्की सांग. आणि तोवर कुठेही जायचं तर एसटीनेच जा.