हमटा पास: गॅस कुठून, शिधा किती?

प्रश्न : आम्ही तिघं सप्टेंबरमध्ये कुणा कंपनीशिवाय हमटा पास करणार आहोत. गॅस पुण्याहून न्यावा का? शिधा किती घ्यावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गॅस मुळीच नेऊ नका, विमानात चालत नाही, रेल्वेतही नाही. मनालीत घ्या. २३० ग्रॅमचे दोन कॅनिस्टर चार दिवसांना पुरतात, तिसरा राखीव. आयसोब्युटेन मिश्रणाचेच मागा. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो. मग पहाटे बालू का घेराच्या मुक्कामी स्टोव्ह नुसता फुरफुरतो. रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगेत घ्या.

चार हजार मीटरवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय तूरडाळ विसरा. घरूनच भाजलेला रवा, पातळ पोहे, शेवया, मेतकूट न्या (तूप विसरलात तर तुमचं तुम्ही बघा!). माणशी दिवसाला ६००-७०० ग्रॅम कोरडा शिधा, शिवाय एका दिवसाचा जादा.

वाट जोब्रा ते छत्रू. शिया गोरूचा प्रवाह सकाळीच ओलांडा; दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. छत्रूहून परतीची जीप मनालीतच ठरवून निघा. आणि रिकामे कॅनिस्टर कृपया खाली घेऊन या.